उकळलेलं दूध

माझी नात ठकू तापानं खंगत चालली होती. झोळीत घालून तिला वेल्ह्याहून भोरला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी मलाच झापलं, "कच्च्या दुधानं हा ताप भरलाय. यापुढं उकळूनच द्या, नाहीतर पोर हातची जाईल."

त्या दिवसापासून मी सकाळी चुलीपुढं ठाण मांडून बसायचो. दुधाला उकळी फुटलेली बघूनच शेताकडं जायचो. तरी ताप हटेना. मी डॉक्टरांच्या नावानं बोटं मोडू लागलो.

आज सून उकळलेल्या दुधाचा पेला घेऊन गोठ्याकडं निघालेली दिसली.

"सोजरा, पेला घेऊन गोठ्यात काय काम?"

 

"मामंजी, उकळल्यावर दुधात जीव ऱ्हातोय व्हय? वर म्हशीची ताजी धार मारल्याबिगर म्या पोरीला देतच न्हाई!"