तेलपेटीचं बूच

सन १९३४. बुऱ्हाणपूरच्या एका कापड गिरणीत कौतिक नावाचा तेलवाला होता. मागाला तेल दिलं की तो चौकटीवर तेलकट अंगठा उठवायचा. तो ठसा दिसल्याशिवाय विणकर माग चालू करत नसत.

मॅनेजरसाहेबांनी विलायतेहून आपोआप तेल सोडणारी पेटी मागवली, मागांना नळ्या जोडल्या आणि कौतिकला घरी पाठवलं. महिनाभरात कौतिक वारला. माग मात्र झकास चालत राहिले.

"यंत्र म्हणावं तर असं!" साहेब येईल त्याला सांगत. "चार महिने झाले, पेटीतलं तेल बोटभरसुद्धा उतरलं नाही."

शेवटी विणकरांवरचा मुकादम, जॉबर वामनने पेटी उघडली. विलायतेच्या कारखान्यातून लावून आलेलं बूच नळीच्या तोंडाला तसंच होतं. एक थेंबही मागांपर्यंत गेला नव्हता. आणि प्रत्येक मागावर अंगठ्याचा ओला ठसा होता.

वामनने कौतिकच्या बायकोला, सरुबाईला बोलावून आणलं. ठसा पाहून तिनं पदर सावरला.

"साहेब, तुम्ही काढलं, पण ते गेलेच कुठं?" ती म्हणाली. "मेल्यावर तरी सुटी द्या त्यांना. बूच काढा. यंत्र कामाला लागलं की सुटतील बिचारे."

साहेबांनी बूच उपसलं. एकदा न कुरकुरणाऱ्या मागांकडे पाहिलं, एकदा काठोकाठ भरलेल्या पेटीकडे.



आणि बूच परत घट्ट बसवलं.