विषय क्रमांक नऊ : दवाखान्याला दुसरा डॉक्टर नेमणे

आण्णा वाचले. पण हे तूर्त घडलेलंच नाही असं धरून चालू. कारण या घटकेला आण्णा साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत उभे आहेत, धडधाकट आहेत, आणि ओरडताहेत.

विषय क्रमांक नऊ होता कारखान्याच्या दवाखान्यात दुसरा डॉक्टर नेमण्याचा. नाव मेहक मुजावर, गाव कबनूर, शिक्षण किर्गिझस्तान. परत येऊन इथली परीक्षाही पास. ती मांडवाच्या कडेला उभी होती. आज नामंजूर झालं तर पुन्हा घरी बसायचं होतं.

"बरफात शिकलेली डॉक्टर!" विरोधी गटाचे पुढारी आण्णा गरजले. "तिथल्या माणसाची नाडी गारठलेली. आमच्या ऊसवाल्याची नाडी हिला काय घावणार?"

"आण्णा, मी कबनूरची हाय," मेहक म्हणाली. "माझीच नाडी हितली हाय की."

मांडव हसला. ते आण्णांना लागलं.

"ठराव मंजूर होईस्तोवर हिनं एकाबी सभासदाला हात लावायचा न्हाय! घ्या नोंद!"

"घेतली," अध्यक्ष विजयसिंह म्हणाले. विरोधकांचं एखादं म्हणणं मान्य करायची त्यांना हौस होती. हे फुकटात होतं.

आण्णांच्या शेजारी त्यांचा भाचा राजवीर बसला होता. कारखान्याचा एकुलता एक डॉक्टर, कोल्हापुरातच शिकलेला. आण्णांच्या मते म्हणूनच हाताला गुण असलेला. एकट्याला झेपत नाही, जोडीला कुणीतरी द्या, असं त्यानंच संचालकांना सांगितलं होतं. आता तो मान खाली घालून अल्पोपहाराच्या पुड्यातली शेव निवडत होता.

विजयसिंहांनी विचारलं, "विषय मंजूर?"

आण्णांनी नेमका तेव्हाच पुड्यातला पेढा तोंडात टाकला होता. पेढा आत चालला होता, 'नामंजूर' बाहेर येत होता. वाटेत गाठ पडली.

आण्णांनी दोन्ही हातांनी स्वतःचा गळा धरला.

आण्णांच्या गटाला शिस्त होती. आण्णा करतील ते गट करी. बघता बघता अर्ध्या मांडवानं आपापला गळा धरला आणि घोषणा सुरू झाल्या. "सभासदांचा आवाज दाबणाऱ्यांचा, निषेध असो!"

"सभासदांनी गळे सोडून बसून घ्यावं," विजयसिंह माईकवरून म्हणाले.

आण्णांचे डोळे बाहेर आले. चेहरा तांबडा झाला, मग जांभळा. घोषणांना जोर चढला. आण्णा आज मनापासून आंदोलन करताहेत, हे लांबूनही दिसत होतं.

मेहक धावत स्टेजपाशी आली. "साहेब, त्यांचा श्वास अडकलाय!"

"मॅडम, नोंद झालीया. तुम्हाला हात लावता येत न्हाय. घाई असंल तर विषय मताला टाकतो."

आण्णांचे गुडघे वाकले. मेहक मागं वळली आणि मांडव फाटेल असं ओरडली, "राजवीर सर! मामा सोडून सगळे वरडायलेत! ऐका की!"

राजवीरनंही मामाच्या भिडेखातर एका हातानं गळा धरला होता. त्यानं ऐकलं. शेजारून काहीच आवाज येत नव्हता.

तो उठला. आण्णांना वाकवून त्यानं पाठीत जोरात थापा मारल्या. काही नाही. मागून कवळ घालून पोट दाबायला गेला, तर हातच पुरेनात. आण्णा जुने पैलवान होते. तालीम सुटली होती, खुराक नव्हता सुटला. आण्णांचे ओठ निळे पडले.

"मॅडम, या! नोंद गेली खड्ड्यात!"

मेहक आली. एका बाजूनं त्याचा हात, दुसऱ्या बाजूनं तिचा. पोटापुढं दोघांनी एकमेकांची मनगटं पकडली. "बेंबीच्या वर," ती म्हणाली. तो 'एक, दोन' मोजत होता. ती तिकडच्या सवयीनं रशियन भाषेत मोजत होती. तीनला दोघांनी एकदम ओढलं.

पेढा पहिल्या रांगेतल्या एका संचालकांच्या टोपीवर पडला. आण्णांनी श्वास घेतला. तो मांडवाच्या शेवटापर्यंत ऐकू गेला.

घोषणा थांबल्या. गळे सुटले. मागून बायडाबाई नावाच्या सभासद ओरडल्या, "मंजूर!" मग सगळा मांडव ओरडला. आण्णांचा गटही. मेहक खाली बसून आण्णांची नाडी मोजत होती. ती तिला घावली होती.

आण्णांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी खुणेनं कागद मागितला आणि त्यावर चार ओळी खरडून स्टेजवर धाडला. आभाराचा ठराव असणार म्हणून विजयसिंहांनी तो माईकवरच वाचायला घेतला:

"मा. अध्यक्ष, सदर उपचार निम्मा स्थानिक व निम्मा परदेशी शिक्षणाने, तोही विषय मंजूर होण्यापूर्वी, करण्यात आलेला आहे. सबब परदेशी निम्मा भाग रद्द करण्यात यावा, व अर्जदारास उर्वरित निम्म्यापुरतेच जिवंत समजण्यात यावे, ही नम्र विनंती."