स्वखुशीने

"अबँडन," प्रेरणानं वहीवर बोट ठेवून विचारलं.

"डेझर्ट, फॉरसेक, लीव्ह," वंदनानं मिरचीचा देठ खुडता खुडता सांगितलं. "अन् विरुद्धार्थी कीप. रिटेन बी चालते."

"आत्या, पानच्या पान पाठ झालं की तुले!"

न होऊन सांगतं कुणाला? गावात तिला सहा वर्षांपासून 'टाकेल' म्हणत होते, म्हणजे नवऱ्यानं टाकलेली. त्या एका शब्दाला इंग्रजीत एवढे भाऊबंद निघतील असं तिला वाटलं नव्हतं. बाकीचे शब्दही तिनं असेच माणसांना चिकटवून पाठ केले होते. स्टिंजी म्हणजे धाकटी काकू, ॲरोगंट म्हणजे सासरा. जेनरस तेवढा राहून राहून विसरायचा, कारण त्याला चिकटवायला माणूसच सापडेना.

प्रेरणा ही तिच्या भावाची, गोकुळदादाची पोर. बारावीत होती, रोज दुपारी आत्याची उजळणी घ्यायची. तालुक्यात भरती निघाली होती आणि तीत एक जागा, एकच, परित्यक्ता बाईसाठी राखून ठेवलेली होती. पुढच्या महिन्यात वंदना वयाच्या अटीतून बाद होणार होती. फॉर्म भरायची आज शेवटची तारीख. बाकी सगळे कागद जोडून झाले होते. राहिला होता ग्रामपंचायतीचा दाखला, तो आणायला दादा सकाळीच गेला होता. दादा पंचायतीचा मेंबर. त्याला कोण नाही म्हणणार?

"आनला वं, आनला!" गोकुळ फाटकातूनच ओरडला आणि त्यानं कागद बहिणीसमोर धरला.

तिचे हात मिरचीचे होते. "तूच वाच," ती प्रेरणाला म्हणाली.

प्रेरणानं शाळेत वाचतात तसं खड्या आवाजात वाचलं. "दाखला देण्यात येतो की, सदर महिला मागील सहा वर्षांपासून स्वखुशीने माहेरी वास्तव्यास आहे."

"पुढं?"

"पुढं शिक्का हाये, आत्या."

वंदनाचा हात टोपलीतच राहिला. "दादा, याच्यात परित्यक्ता कुठी हाये?"

"एकच अर्थ होते न दोन्हीचा. सहा वर्षं माहेरी राह्यते म्हणजे काय, ते समजते सायबाले. शब्द जरा बरा घातला."

"ग्रामसेवकानं घातला?"

गोकुळनं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर आपटली. "मीच सांगतलं त्याले. काऊन, काय चुकलं माह्यं? रविवारी मेहकरचे पाव्हणे येऊन राह्यले प्रेरणाले पाहाले. हे कागद पंचायतीत पडून राह्यते, दहा जण वाचते. माह्या बहिणीले नवऱ्यानं टाकलं, असं मीच शिक्का मारून लिहून देऊ? मंग या घरची पोर कोण करीन?"

"गावाले माहीत नाही का, दादा?"

"माहीत असू दे. लिहेल तं नाही न कुठी!"

"अरे, याच्यावर फॉर्म बाद होते माहा. जागा जाते. आजचाच दिवस हाये. जाय, पाया पडतो तुह्या, बदलून आन."

"ग्रामसेवक गेला धाड गावाले, आता उद्याच येते," गोकुळ तिच्याकडे न बघता म्हणाला. "अन् तुले काय कमी हाये बाई इथं? तुहे घास कधी मोजले का आम्ही?"

मोजले नव्हते, हे खरं. जेनरसला चिकटवायचा माणूस सहा वर्षं घरातच होता की! आता तो शब्द ती जन्मात विसरायची नव्हती. तिचे डोळे भरून आले, पण मिरचीच्या हातानं ते पुसायची सोय नव्हती. तिनं ते तसेच वाहू दिले.

"प्रेरणा, वही उघड," ती म्हणाली. "अबँडनच्या वळीत जागा हाये न? तिथं लिही, स्वखुशीनं."

प्रेरणानं पेनचं टोपण काढलं. पान दोन रकान्यांचं होतं. तिनं एकदा आत्याकडे बघितलं, एकदा बापाकडे. "कुठी लिहू, आत्या? समानार्थीत का विरुद्धार्थीत?"

"तुह्या बापाले विचार."