‘आणि साथीदार’ यांचं पान

“उडवू का?” जान्हवीने विचारलं. तिचं बोट माउसवर होतं आणि पडद्यावर मराठी भजनातला सगळ्यात मोठा कलाकार होता.

त्याचं नाव ‘आणि साथीदार’. नावावर चार हजार एकशे बारा कॅसेटी. कॅसेटकोशात इतक्या कॅसेटी दुसऱ्या कोणाच्याच नव्हत्या. कॅसेटकोश म्हणजे जान्हवी आणि अनय मुलुंडच्या एका दोन खोल्यांच्या घरातून चालवत असलेली यादी. कोणीही यावं, आपल्या कपाटातली जुनी कॅसेट नोंदवावी. नियम नव्हते. त्यामुळे वेष्टनावर ‘शिवदासबुवा आणि साथीदार’ असं दिसलं, की अनयचा प्रोग्रॅम दोन कलाकार नोंदवायचा. एक शिवदासबुवा. दुसरा, आणि साथीदार.

तीन वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. उलट लोकांनी जीव लावला. हा कलाकार एकाच दिवशी अंधेरीतही गायला होता आणि मनोरीतही, आणि मनोरीला होडीने जावं लागतं. सकाळी त्याचा आवाज बाईचा असायचा, दुपारी पुरुषाचा, सणासुदीला आठ जणांचा. अठ्ठावीस वर्षांत तो जराही म्हातारा झाला नव्हता. बोरिवलीच्या एका गृहस्थांनी त्याचा फोटो मागितला होता. त्याखाली कोणीतरी लिहिलं होतं, गेले असतील तर श्रद्धांजली, नसतील तर शतायुषी होवोत.

शेवटी जान्हवीने नियम लिहायला घेतले. साल कसं लिहायचं, बाजू कशी, मिनिटं कशी. नियम सहा असा होता: ज्याचं नाव नाही तो कलाकार नाही, आणि नाव लावायचं तर पुरावा हवा. आज रविवार दुपारपासून तो लागू होता.

“वाईट वाटतंय यार,” अनय म्हणाला. “घरातलं माणूस गेल्यासारखं.”

“घरातलं माणूस तुझ्याच प्रोग्रॅमने जन्माला घातलंय. गप बस ना.”

तेवढ्यात बेल वाजली. दारात सत्तरीच्या एक बाई होत्या. घाटकोपरहून रिक्षाने आल्या होत्या. हातात फोन, फोनवर तेच पान.

“हे काढतायत असं आमच्या मंडळाच्या ग्रुपवर आलंय,” त्या म्हणाल्या. “थांबा जरा. ह्याच्यात मी आहे.”

त्यांचं नाव विमला घाडीगावकर. शिवदासबुवांच्या मागे बसून त्यांनी बावीस वर्षं झील धरली होती. बुवांनी ओळ सोडली की मागच्यांनी ती उचलायची, एवढंच काम. एकोणीस कॅसेटी झाल्या. वेष्टनावर नाव एकीच्याही नाही.

“सुनेला दाखवायचंय गो,” त्या खुर्चीत बसत म्हणाल्या. “प्रांजल म्हणते, आई भजनाला चहासाठी जायच्या. तो चहा प्यायला कोण जाईल, तिला म्हटलं.”

“आजी, तुमचं वेगळं पान करते मी,” जान्हवी म्हणाली. “पण पुरावा लागेल. एका तरी कॅसेटीत तुमचा आवाज ओळखून दाखवा. कितव्या मिनिटाला, ते सांगा. मी लिहिते.”

“आणि नाय सापडला तर?”

जान्हवीने पडद्याकडे पाहिलं. “मग नियम आहे, आजी.”

बुवांच्या तीन कॅसेटी अनयने कॉम्प्युटरवर उतरवून ठेवल्या होत्या. विमलाबाईंनी हेडफोन लावले. डोळे मिटले. खोलीत पंख्याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. हळूहळू त्यांच्या गुडघ्यावरची बोटं टाळ धरल्यासारखी हलायला लागली. मग मान. मग ओठ, आवाजाशिवाय. भिंतीवरचं ऊन कपाटावरून दारावर आलं, दारावरून कोणाला न सांगता निघून गेलं. अनयला वाटलं, आपण त्यांच्या कानातलं भजन ऐकतोय. पाच मिनिटांनी कळलं, तो स्वतःच गुणगुणत होता, आणि ते भजन त्याने जन्मात ऐकलेलं नव्हतं.

मधेच त्या म्हणाल्या, “ही सुमन.” मग, “ही तिची नणंद. हिला वरचा सूर लागत नव्हता, तरी जायची.” मग पुढची कॅसेट. जान्हवी पेन उघडून बसली होती. तिला आता ते मिनिट हवं होतं. विमलाबाईंपेक्षा तिलाच जास्त हवं होतं.

तिसरी कॅसेट संपली. विमलाबाईंनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

“नाय सापडला,” त्या म्हणाल्या.

“पुन्हा एकदा लावू? सावकाश?”

“कशाला? नीट ऐकलं मी. कुठेच नाय.”

“सॉरी, आजी.”

“सॉरी कसलं गो?” विमलाबाईंचा चेहरा बक्षीस लागल्यासारखा झाला होता. “बुवांचा कायदा होता. झिलेत जिचा आवाज वेगळा ऐकू येईल, तिने उठायचं नि घरी जायचं. सात जणी घरी गेल्या, त्यात ही सुमन नि तिची नणंदपण. मी बावीस वर्षं बसले होते.”

अनयने जान्हवीकडे पाहिलं. जान्हवीने पेनाचं टोपण लावलं. उडवायची चौकट तिने बंद केली आणि नवीन पान उघडलं. कलाकार: विमला घाडीगावकर. कॅसेटी: एकोणीस. खाली नियम सहाची रिकामी जागा लुकलुकत होती. पुरावा, असं तिथे विचारलं होतं.

जान्हवीने लिहिलं: तीन कॅसेटी नीट ऐकल्या. आवाज कुठेही ओळखू येत नाही.