शेपटीवरचे तीळ

"घुबडानं काय धरलंय, वळीख बघू," म्हणत विश्वजितनं मोबाईल बायकोच्या नाकासमोर धरला.

स्वप्नाली नुकतीच न्याहारीला बसली होती. ताटात भाकरी आणि तेल घातलेली चटणी. दोन घास पोटात गेले होते, तिसरा हातात होता. बायको जेवायला बसली की या माणसाला नेमके असले फोटो दाखवायचे सुचायचे, दुसऱ्या वेळी नाही.

फोटो मात्र झकास आला होता. काल दिवेलागणीला तालमीच्या आढ्यावर बसलेलं गव्हाणी घुबड, आणि चोचीत काहीतरी लालभडक लोंबतंय. सकाळीच त्यानं तो पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता आणि तिथं नुसता गलका उडाला होता. एकाला ती चिचुंद्री वाटत होती, एकाला खारीचं पिल्लू. कागलच्या एका पावण्यानं तर उंदराची नवी जातच जाहीर करून टाकली होती.

"रगात आसंल," ती म्हणाली.

"रगात आसं आसतंय व्हय? सगळ्या अंगाला सारखंच हाय. तुजी नजर बारीक, म्हणून दावलं."

तिनं डाव्या हातानं फोटो मोठा केला. उंदीरच होता, घरात फिरतो तसला. रंग लालभडक, अंग तेलकट, केसांच्या चिकटून बटा झालेल्या. घुबडाच्या पांढऱ्या छातीलाही तोच रंग पुसला होता. शेपटीवर पांढरे ठिपके दिसत होते. तिनं फोटो आणखी मोठा केला.

ठिपके कुठले! तीळ होते. अख्खे, भाजलेले तीळ.

साऱ्या शिवाजी पेठेत चटणीत अख्खे तीळ घालणारी बाई एकच, आणि ती आत्ता सोप्यात बसून डबे भरत होती. तिची सासू, धोंडुबाई. डंकावरनं कांडून आणलेल्या चटणीत ती शेवटी आपल्या हातानं तीळ मिसळायची. त्या तिळांवर तिचं नाव झालं होतं आणि त्याच चटणीवर हे घर चाललं होतं.

स्वप्नालीच्या हातातला घास ताटात पडला. खोबऱ्याचा एक कण अजून दाढेत होता, तो जिभेला लागला आणि ती तोंडावर पदर दाबून मोरीकडं पळाली. चुळा भरभरून भरल्या, बोटानं जीभ घासली, तरी तोंडातली चव काही जाईना. शी! काय खाल्लं आपण!

ती तशीच ओल्या तोंडानं सोप्यात आली. "आत्याबाई, चटणीच्या पिंपात उंदीर पडलावता!"

धोंडुबाईचा पळा थांबला नाही. "ठावं हाय मला. काल फडकं कुरतडून आत गेलावता. वरची वंजळभर काढून टाकली की म्या. खालची चांगली हाय."

"आन् मला वाढलीसा?"

"मग? चव लागली का वायली?"

स्वप्नालीनं खाली बघितलं. सासूच्या शेजारी तिची स्वतःची न्याहारीची ताटली होती. त्यात अर्धी भाकरी आणि दही. चटणी नव्हती.

"आई, आगं काय ह्ये!" मागोमाग आलेला विश्वजित ओरडला खरा, पण त्याचा अंगठा मोबाईलवर चालूच होता. "ग्रुपवरनं फोटो काढतो पहिला. कुणाच्या ध्यानात आलं तर वाटोळं हुईल."

"काढ. आन् तूबी गप ऱ्हा गं," धोंडुबाई सुनेला म्हणाली. "सालाची कमाई हाय ही. ओतून दिऊ व्हय गटारीत? उंदीर कुणाच्या घरात न्हाईत?"

तेवढ्यात पायरीवर चपला वाजल्या. शाहूपुरीतली वर्षाराणी वर्षाची चटणी न्यायला आली होती. जुनं गिऱ्हाईक, आल्या आल्या तिनं आपला भरलेला डबा मांडीवर ओढून घेतला.

"वास काय सुटलाय, काकू! चाखू द्या सूनबाईला. त्याबिगर मी न्हेत न्हाई."

या घरची रीतच होती ती. गिऱ्हाइकासमोर सुनेनं चिमूटभर चाखायची, मगच झाकण लावायचं. धोंडुबाईनं सुनेच्या तळहातावर चिमूट ठेवली आणि तिच्याकडं डोळे वटारून बघितलं. विश्वजितही बघत होता. नुसती चिमूटभर चटणी, बाई, गिळून टाक, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

स्वप्नालीच्या तळहातावर दोन तीळ चमकत होते. तिनं सासूचा हात धरला, उताणा केला आणि चटणी त्या तळहातावर ओतली.

"आज तुम्ही चाखा, आत्याबाई."

"आगं बाई, बरं की!" वर्षाराणी हसली. "करणारणीनंच चाखावी."

धोंडुबाईनं हात वर नेला. ओठापर्यंत नेला. तिथं तो थांबला, आणि तिचं तोंड वाकडं झालं. मग तिनं तळहात लुगड्याला पुसला.

"माझा आज उपास हाय," ती म्हणाली.

वर्षाराणीनं तिच्या शेजारच्या ताटलीतल्या अर्ध्या भाकरीकडं बघितलं. मग मांडीवरचा डबा उचलला आणि हळूच पायरीवर ठेवला.