उरलंसुरलं

"वहीत खरं लिहिलंय ना?" डॉक्टर बाईंनी विचारलं.

ज्योतीने मान हलवली. पंधरा दिवसांत वजन एक किलो वाढलं होतं. एकशे बाराचे एकशे तेरा. संगमनेरहून नाशिकपर्यंत एसटीत बसून जो काही धीर गोळा केला होता, तो काट्यावरून उतरतानाच संपला.

"सकाळी चहा. दुपारी अर्धी भाकरी, भाजी. रात्री अर्धी भाकरी, वाटीभर वरण." डॉक्टर बाई वाचत होत्या. "रोज हेच. एवढ्यावर वजन वाढत नाही, ज्योतीताई. यकृतावर चरबी आहे. ती थोडी तरी उतरल्याशिवाय मी पोट लहान करायचं ऑपरेशन करणार नाही. आणि पेशंट माझ्यापासून लपवत असेल तर नंतरही करणार नाही."

ज्योतीला पुण्याचे डॉक्टर आठवले. त्यांनी दहा मिनिटांत तारीख दिली होती. भिंतीवर ऑपरेशनच्या आधीचे आणि नंतरचे फोटो होते, बसायला गारेगार खोली होती. तिनेच नको म्हटलं. का, तर बाई तू जेवतेस काय, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. या बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, वही दिली, म्हणून तिने यांना निवडलं. घ्या आता, भोगा.

तिला ऑपरेशन मुलाच्या, पार्थच्या लग्नाआधी हवं होतं. साखरपुड्याला ती पाटावर बसली ती बसलीच. उठवायला दोन बायका लागल्या. पोराने तेवढ्यात मान दुसरीकडे वळवली. होणारी सून ज्ञानेश्वरी, फुंकर मारली तर उडेल अशी, तीच धावत येऊन हात द्यायला लागली. गुडघ्यांचं दुखणं ज्योतीने कसंही सोसलं असतं. पोराने मान वळवली, ते काही सोसेना.

पहिली वही भरली तेव्हाही वजन हललं नव्हतं. त्या दिवशी तिच्या नवऱ्याने, गोरक्षने, गुळाचा डबा कपाटात ठेवून कुलूप घातलं. बोलला काही नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. तेव्हापासून तिला स्वतःचाच संशय यायला लागला होता. आपण झोपेत उठून खातो की काय?

आज गोरक्षला गोठा सोडता येईना, म्हणून सोबतीला सासू आली होती. गोजरबाई सत्तरीच्या, वाळून काडी झालेल्या. ज्योतीच्या लग्नाच्या फोटोतली ती भरदार बाई म्हणजे ह्याच, असं सांगूनही कुणाला पटत नसे. त्या आता खुर्चीतून पुढे सरकल्या.

"लपवत न्हाई ओ ती. म्या रोज बगते. जेवाया बसती तवा अर्ध्या भाकरीच्या वर एक घास घेत न्हाई."

"घरात भाकरी किती होतात रोज?"

"मोजतंय कोण? दुरडी रिकामी ठिवायची न्हाई आमच्यात. ऐनवेळी कोण आलं म्हंजी? पातेल्यातबी घासभर राहिलं पायजे."

"आणि कुणी आलंच नाही तर?"

"मग ज्योती हाय की."

डॉक्टर बाई ज्योतीकडे वळल्या. "हे वहीत का नाही लिहिलं?"

ज्योती गोंधळली. खरोखरच गोंधळली. "ते जेवण कुठंय, मॅडम? ते उरलेलं. वाया जाऊ नये म्हणून संपवायचं." मग तीच बोटांवर मोजायला लागली. सकाळी चहात चुरलेली शिळी भाकरी. पार्थच्या ताटातला भात. कालवणाचं पातेलं पुसून घेतलेलं. दुपारची राहिलेली पोळी, संध्याकाळी ओट्यापाशी उभ्यानेच. साय निघाल्यावर भांड्याला चिकटलेली खरवड. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्याची सुरू झाली, तशी ती थांबली.

"गोठ्यात गाई आहेत ना तुमच्या?" डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्यांना का नाही घालत?"

"छ्या! गाईला कसं चालंल?" गोजरबाई दचकल्याच. "जनावराचे डॉक्टर सांगून गेल्यात. शिळ्या भाकरीनं पोट फुगतं, गाईला बाधतं. तवापासनं एक तुकडा टाकला न्हाई आमी गव्हाणीत."

ज्योतीच्या डोळ्यांत पाणी आलं. राग कुणाचा करावा तेही तिला कळेना. सासू खोटं बोलत नव्हती, वाईटही बोलत नव्हती. सव्वीस वर्षांच्या संसाराचा शीण एकदम अंगावर आला आणि त्या खुर्चीतून उठूच नये असं तिला वाटलं.

डॉक्टर बाईंनी वहीचं नवं पान उघडून दिलं. "आजपासून पंधरा दिवस नुसतं पातळ. मी लिहून देते तेवढंच. वजन उतरलं तर लग्नाआधीची तारीख नक्की देईन. पण ऑपरेशननंतर पोट मुठीएवढं राहील. दोन घास जास्त गेले तरी उलटी होईल. तेव्हा उरलेलं कोण खाणार, ते घरी ठरवून या."

ज्योतीने वही घेतली. तिला ठरवता येईल असं त्यात काही दिसेना.

गोजरबाईंनी सुनेच्या गुडघ्यावर हात ठेवला. मायेनेच ठेवला.

"येवढंच व्हय? रडू नगं बाई. माजं वजन तुज्यापरीस जास्त हुतं. कसलं आपरेशन न् कसलं काय, तू घरात आलीस आन् दोन वर्सांत आपसूक उतरलं." त्या हसल्या. "आता ज्ञानेश्वरी येतीच हाय की."