जावयाचं कडवं

चौघांच्या एका गाणाऱ्या चमूत वाद्य म्हणून एकही नव्हतं. जे काय ते सगळं तोंडानंच. तिघं जण शब्द गायचे आणि चौथा, पेशानं प्लंबर, खर्जात नुसतं "डूम डूम" करत ठेका धरायचा. टाळ्या मात्र तिघांच्याच वाट्याला यायच्या. दर कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसणाऱ्या त्याच्या सासूबाईंच्या ते भारी जिव्हारी लागायचं. एकदा त्यांनी मुख्य गायकाला गाठलंच.

"अहो, आमच्या जावयांनी तुमचं काय घोडं मारलंय? त्यांनाही द्या की चार शब्द!"

पुढच्या कार्यक्रमात प्लंबरला अख्खं कडवं मिळालं. त्यानं छाती भरून सूर लावला आणि गाणंच डगमगलं. ठेका धरायला कुणी उरलंच नव्हतं! एक जण पुढे पळाला, दुसरा मागे राहिला, प्लंबरला दरदरून घाम फुटला.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून सासूबाईंचा घोगरा आवाज उठला, "डूम डूम... डूम डूम..." इतके कार्यक्रम ऐकून त्यांना तो ठेका तोंडपाठ झाला होता. बघता बघता अख्खं सभागृह त्यांच्यामागे डूम डूम करायला लागलं. गाणं रुळावर आलं, प्लंबरनं कडवं तडीस नेलं आणि टाळ्या काही केल्या थांबेनात.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मुख्य गायकाला सासूबाईंचा फोन आला.



"यापुढे जावयांना शब्दच द्या. डूम डूमचं मी बघते. फक्त माइक तेवढा माझ्या उंचीला घ्या."